चक्कीच्या खोलीतला पॉवर सप्लाय

माय, तुझ्या चक्कीच्या खोलीत आता तुझी नात कॉम्प्युटर घेऊन बसते. चक्की तू गेल्यावर थोड्याच वर्षांत काढून टाकली. आपल्या रोहण्यात दुसऱ्या चक्क्या झाल्या होत्या, आणि माझ्या धाकट्या भावाला शाळेतली क्लार्कची नोकरी सांभाळून ती चालवणं जमत नव्हतं. मोटर बसवली होती तिथं आता फरशी आहे, भिंतींना पांढरा रंग आहे. पंखा जोरात लावला की वरच्या फळीवरून अजून पीठ उडतं, असं तुझी सून म्हणते. मला तो चुना वाटतो, पण मी काही बोलत नाही. बोलताना मी अजून आपल्यासारखीच बोलते, लिहायला बसले की मात्र शाळेतली भाषा येते. तेवढं चालवून घे.

नात सिव्हिलचा डिप्लोमा झाली. नोकरीला न जाता ती घरांची चित्रं काढते. म्हणजे घर बांधायच्या आधीच, ते बांधून झाल्यावर कसं दिसेल त्याचं चित्र. गॅलरी, फाटक, भिंतीचा रंग, दारासमोर उभी गाडीसुद्धा. आर्वीकडचे ठेकेदार तिला नकाशे पाठवतात. चित्र रचायचं काम तिचं, पण त्यात ऊन आणि सावली भरायचं काम मशीन करतं, आणि त्याला तासन्‌तास लागतात. तेवढा सगळा वेळ मशीन पूर्ण जोर लावून चालत असतं. आणि हा जोर त्याला जिथून मिळतो, ती एक लोखंडी डबी असते, मागच्या कोपऱ्यात बसवलेली. भिंतीतली वीज ती घेते, आतल्या नाजूक भागांना सोसेल अशी करते आणि ज्याला जेवढी लागेल तेवढी वाटते. तिला पॉवर सप्लाय म्हणतात. ती कुणाला दिसत नाही आणि दाखवायलाही कुणी घेत नाही. मला हे सगळं तुला सांगायचं आहे, कारण या डबीवरून तुझी दोन्ही लेकरं कितीतरी महिने एकमेकांशी धड बोलली नाहीत.

देवळीला माझं दुकान आहे, ते तू पाहिलं नाहीस. कॉम्प्युटर दुरुस्ती, जोडणी, प्रिंट काढून देणं. धाकटा एका रविवारी आला आणि फोनवर फोटो दाखवू लागला. काचेचं कॅबिनेट, आत लाल-निळे दिवे फिरतायत. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. "ताई, याच्यात पॉवर सप्लाय संगंच येते. साडेसातशे वॉटचा." मी म्हटलं, "संगं येते म्हणूनच घेऊ नको." मग मी त्याला समजावायला लागले. प्रोसेसर एवढी वीज खाणार, ग्राफिक्स कार्ड एवढी, बाकीचं किरकोळ. सगळं मिळून तीनशेच्या आत बसतं. त्यावर थोडी जागा सोडून खरोखरचा साडेपाचशेचा सप्लाय घेतला तर पोरीला वर्षानुवर्षं पुरेल. त्यासाठी कॅबिनेट साध्या पत्र्याचं घे, मेमरी आत्ता कमी घे, ती मागून वाढवता येते. जास्तीची डिस्क पुढच्या वर्षी. पण सप्लायवर काटकसर करू नको, कारण तो बिघडला तर एकटा जात नाही, बाकीच्यांना घेऊन जातो.

"म्हणजे साडेसातशेपेक्षा साडेपाचशे चांगला, असं सांगून राह्यली का तू मले?"

"हो."

"हे कोणत्या शायेत शिकवते?"

मला हसू आलं. त्याची चेष्टा करायची म्हणून नाही, प्रश्नच तसा होता. पण त्यानं फोन खिशात टाकला. "माह्या पोरीसाठी एक वस्तू तं मले माह्या मनानं घेऊ दे. हरेक गोष्ट तुले इचारूनच करायची का?" समोर आणलेला चहा तसाच सोडून तो निघून गेला. कॉम्प्युटर त्यानं नागपूरहून आणला, काचेचाच. राखीला आला, ओवाळून घेतलं, मशीनचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

त्या दिवशी दुकानाचं शटर ओढताना मला तुझा तो मोटर घेण्याचा दिवस आठवला. जुनी मोटर जळाली होती आणि वर्ध्याचा एक माणूस नवी घेऊन आला होता. हिरवागार रंग, पितळेची पाटी, पाटीवर हॉर्सपॉवर कोरलेली. बाबांना ती फार आवडली. तो माणूस पाटी वाचून दाखवू लागला तर तू म्हणालीस, "पाटी कायले वाचता? दयण घाला." ज्वारीची पोती होतीच. मोटर तात्पुरती बसवली, पट्टा चढवला, आणि दुपारभर दळण चाललं. तू शेजारी पोत्यावर बसलेली आहेस, भुवयांवर पीठ, आणि मधूनमधून मोटरीच्या पाठीवर तळहात ठेवून पाहतेस. आधी हात बराच वेळ राहतो. मग थोडा वेळ. मग तू तो ठेवतेस आणि लगेच उचलतेस. खोलीत वार्निश तापल्याचा वास येतो. "घेऊन जा," तू म्हणतेस. तो म्हणतो, "बाई, गरम तं सगळ्याच होतात." तू म्हणतेस, "होतात. पण ही लवकर झाली." बाबा दोन दिवस तुझ्यावर नाराज होते. मग पुलगावच्या कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधली जुनी मोटर तू आणवलीस. दिसायला इतकी वाईट की गिऱ्हाईक बाया तिला हसायच्या.

आणि तीही शेवटी जळालीच, तुझ्याच हातून. चक्कीवर एक बल्ब टांगलेला असायचा, उजेडासाठी नाही, वीज किती आहे ते कळावं म्हणून. वीज उतरली की तो पिवळा पडायचा, आणि तेवढ्या विजेवर चालवली की मोटर जळायची. एकदा तू विहिरीवर गेली असताना मी चक्की सुरू केली तर तू भरली घागर तशीच टेकवून धावत आलीस. "डोये फुटले का तुह्ये? बल्ब पिवया दिसला का मोटरले हात लावायचा नाई!" सगळ्या बायांसमोर. मी रडले होते. आणि पुढच्याच उन्हाळ्यात शेजारच्या घरच्या लग्नाचं दळण आलं, पाहुणे यायला लागले होते, त्या घरची म्हातारी तुझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. बल्ब हळदीसारखा पिवळा. तू वर पाहिलंस, म्हातारीकडे पाहिलंस, आणि बटण दाबलंस. त्या दिवशी स्वयंपाकघरात तू आम्हाला वाढताना भांडी आपटत होतीस. आम्हाला वाटलं आमच्यावर चिडलीस. तू स्वतःवरच चिडली होतीस हे मला खूप नंतर कळलं, माझ्या दुकानात गिऱ्हाइकाची घाई पाहून मीही असंच बटण दाबलं तेव्हा.

मला मघाशी लिहायचं होतं की हा धंदा मी तुझ्या चक्कीत शिकले. पण ते खरं नाही. धंदा मी वर्ध्याच्या कोर्सला शिकले, आणि त्याहून जास्त जळून आलेल्या मशिनींनी शिकवला. कोर्समध्ये पॉवर सप्लाय एका दुपारीच संपला होता. तो घेताना काय पाहायचं ते मला दुकानातच कळलं. सुरुवातीला मी वजन पाहायची, जड असेल तो चांगला. मग एकदा एक जड सप्लाय उघडला तर आत नुसता लोखंडाचा तुकडा बसवलेला, वजनासाठी. तेव्हापासून वजनाचं सोडलं.

दिवाळीनंतर नातीचा फोन आला. आवाज दबका. "आत्या, मशीन मधातच बंद पडते. टक् आवाज येते अन् सगळं काळं."

"कवा पडते? साधं काम करताना का चित्र भरताना?"

"चित्र भरतानाच. साधं काम दिवसभर होते."

मी म्हटलं, कार्डावर जोर आला की पडतं, म्हणजे मागणी आली की पडतं. तिनं सांगितलं, नागपूरचा दुकानदार म्हणतो कार्ड कमजोर आहे, मोठं घ्या. मी तिला म्हटलं, मोठं कार्ड आणखी वीज मागेल, आणखी लवकर पडेल. तिकडे एका ठेकेदाराचं काम दोनदा उशिरा गेलं होतं, आता त्यानं शेवटचं म्हणून एक चित्र दिलं होतं, आणि तिचा बाप म्हणत होता की हे चित्रांचं सोड, नागपूरला एखादी नोकरी पाहू. "बाबाले सांगू नको, मी फोन केला म्हून," असं म्हणून तिनं ठेवला.

मी माझ्या स्वतःच्या मशीनमधला सप्लाय काढला, टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला आणि पुलगावला बस बदलून रोहण्याला गेले. धाकटा ओसरीत बसलेला होता. "आज काऊन आली?"

"भावजयीच्या हातचं खायले आली."

त्यानं पिशवीकडे पाहिलं. टॉवेलातून वायरींचं शेपूट बाहेर आलं होतं. "अन् हे का शिदोरी आहे?" तो म्हणाला, आणि उठून आत गेला. पण आत म्हणजे चक्कीच्याच खोलीत गेला, आणि काचेच्या डब्याचं झाकण त्यानंच उघडलं.

आतला सप्लाय मी टेबलावर काढला. वायरी धाग्यासारख्या बारीक. एका बाजूला मोठ्या सोनेरी आकड्यात साडेसातशे लिहिलेलं. मी डबी उलटी केली. खाली एक छोटा तक्ता छापलेला असतो, कोणत्या तारेवर किती वीज मिळते त्याचा. प्रोसेसर आणि कार्ड जिच्यावर चालतात ती बारा व्होल्टची तार. मी फक्त त्या ओळीवर बोट ठेवलं, बोलले काही नाही, कारण मागच्या वेळी फार बोलले होते. धाकट्यानं चष्मा वर सरकवला. "बारा व्होल्ट. अठरा अँपियर." गुणाकार त्यानं तोंडानंच केला. "दोनशे सोळा? हे तं दोनशे सोळाच झाले! साडेसातशे कुठं गेले?"

"ते वरच्या कागदावर आहेत."

त्यानं डबी उलटीसुलटी करून दोन्ही आकडे पुन्हा वाचले. राग आला होता त्याला, पण माझा नाही. "लिहून ठेवते तरी," तो म्हणाला, "म्हणजे आपण वाचत नाई म्हून लिहून ठेवते."

माझा सप्लाय मी डब्याबाहेरच, एका स्टुलावर ठेवला, वायरी आत नेऊन जोडल्या. भिंतीच्या सॉकेटला अर्थिंग आहे का तेही पाहिलं. तुझ्या वेळचं आहे, शाबूत आहे. नातीनं ते अडलेलं चित्र सुरू केलं. मग आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो. पडद्यावर एक दुमजली घर चौकटी-चौकटीनं भरत होतं, आधी जिना, मग गॅलरीची जाळी, मग भिंतीवर पडलेली झाडाची सावली. सुनेनं ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी तिथंच आणून दिली. संध्याकाळकडे शेतातले पंप सुरू झाले आणि ट्यूबलाइट एकदा फडफडली. नातीनं माझा हात पकडला. मशीन चालत राहिलं. चित्र पुरं झालं तेव्हा पोरगी उठून बाहेर गेली आणि तोंड धुऊन आली.

माझा सप्लाय मी तिच्याकडेच ठेवला आणि माझ्यासाठी नवा घेतला असता तर सोपं झालं असतं. पण धाकटा म्हणाला, "तुहा तू घेऊन जा. आपण घेऊ. तू फक्त संगं ये." पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं वर्ध्याला गेलो. दुकानात शिरल्या शिरल्या पोऱ्यानं रंगीत पंख्याचा एक सप्लाय समोर ठेवला. मी मागे उभी राहिले. धाकट्यानं तो उचलला, फिरवला, खालचा तक्ता वाचला आणि परत ठेवला. "लाईट नोको भाऊ. बारा व्होल्टवर जास्त देणारा दाखवा." मग दुसरा आला. "वॉरंटी किती? एकच वर्ष? मंग बनवणाऱ्यालेच याचा भरवसा नाई." तिसरा एक काळा, साधा, डोळ्यात न भरणारा. तक्त्यात बारा व्होल्टच्या तारेवर जवळजवळ सगळे साडेपाचशे वॉट. वीज बरीच उतरली तरी चालेल असं लिहिलेलं. बिघडला तर बदलून द्यायची मुदत पाच वर्षं. तारेवर जास्त भार आला किंवा शॉर्ट झालं तर बाकीच्यांना न जाळता स्वतः बंद होईल, हेही त्यानं विचारून घेतलं. मला ते विचारायचं सुचवावंही लागलं नाही. पैसे देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एवढंच. बसमध्ये तो खोका त्यानं मांडीवर ठेवला होता, वर ठेवायच्या जागेवर ठेवू दिला नाही.

घरी आल्यावर मी स्क्रूड्रायव्हर त्याच्यासमोर धरला. "मी?" तो म्हणाला. "पोरीचा कॉम्प्युटर तूच आणला ना, मंग तूच बसव." मी खुर्चीवर बसून नुसतं सांगत होते. डबी पंखा खाली ठेवून सरकव. चार स्क्रू आधी सैल लाव, मग आवळ. ती रुंद पट्टी दाबताना टक् आवाज यायला पाहिजे. त्याला घाम आला होता. वायरी मागच्या बाजूनं नेऊन त्यानं इतक्या सरळ बांधल्या की माझ्या दुकानातही मी तशा बांधत नाही. काम करता करता, मान डब्यात घातलेली असतानाच, तो बोलायला लागला.

"ताई, मायनं मले चक्कीच्या मोटरले कधी हात लावू देला नाई. तुले सगळं दाखवलं. मी आलो का, 'हो तिकडं, हो तिकडं.' शायेत जा, अभ्यास कर. मले वाटे का मी हातानं बेक्कार आहो. म्हून तं तुले न इचारता हे आणलं. एक तरी काम माह्या हातून होऊ दे म्हटलं."

माय, तू त्याला का हाकलत होतीस ते मला माहीत आहे. तो रांगता होता. चक्की चालू होती, तू दळणात गुंतलेली, आणि त्याच्या सदऱ्याचं टोक पट्ट्यात गेलं. सदरा फाटला म्हणून पोर वाचलं. मी दारात उभी होते. तू त्याला छातीशी धरलंस आणि मला म्हणालीस, "हे त्याले कधी सांगू नोको. जन्मभर भेत राह्यन." त्यानंतर तो दारात दिसला की तुझा आवाज चढायचा. त्याला तो राग वाटला.

मी त्याला ते सांगितलं नाही. मी म्हटलं, "अरे, माय मले काय म्हणे माहीत आहे का? म्हणे, याचा हात तुह्यापेक्षा हलका आहे, बारीक काम यालेच जमन."

त्यानं मान बाहेर काढली. "माय म्हणे असं? कवा?"

"दयण चालू असताना. पट्ट्याच्या आवाजात तुले आयकू नसन आलं."

त्यानं हात शर्टाला पुसले, शेवटचा स्क्रू आवळला आणि पोरीला हाक मारली.

मशीन नीट चाललं आहे. ठेकेदाराचं काम वेळेत गेलं, त्यानं आणखी दोन घरं दिली, आणि नोकरीचा विषय घरात कुणी काढत नाही. धाकटा आता गावात कुणी कॉम्प्युटर घ्यायला निघालं की आधी सप्लायचा तक्ता पाहा म्हणून मागे लागतो. लोक त्याला टाळायला लागलेत, असं सून हसत सांगते.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, आणि त्यालाही दाखवणार नाही. जे सांगू नको म्हणालीस ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पण जे तू कधीच म्हणाली नव्हतीस, ते मी तुझ्या नावावर सांगून बसले. मी त्याला कधीतरी खरं सांगेन असं वाटत होतं. परवा त्याचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलला, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "ताई, मलेही आठवते आता. माय असं म्हणे."

मी म्हटलं, हो.